जोडशब्दांची जबाबदारी



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभे आयुष्य मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात घालवले. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषयही वर्गातलाच असावा, असे मला वाटले. इंग्रजी लिहिताना एका वाक्याला पुढच्या वाक्याशी, एका परिच्छेदाला पुढच्या परिच्छेदाशी बांधणारे काही शब्द आपण वापरतो. हाऊएव्हर, देअरफोर, मोरओव्हर, ऑन द अदर हँड, ॲज अ रिझल्ट. त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. व्याकरणात त्यांचे प्रकार अनेक आहेत. आजच्यापुरते मी त्या सगळ्यांना जोडशब्द म्हणेन.

विषय लहान दिसतो. तरीही त्यासाठी तुमची संध्याकाळ मागते आहे, कारण मुलांच्या वह्या तपासता तपासता एक गोष्ट मला पक्की पटली आहे. आपल्या मुलांचे इंग्रजी स्पेलिंगपाशी किंवा क्रियापदाच्या रूपांपाशी अडते, त्याहून जास्त ते या जोडांपाशी अडते. तिथे भाषेबरोबर विचारही तपासला जातो. दोन वाक्यांच्या मध्ये जोडशब्द ठेवणे म्हणजे ‘या दोन गोष्टींचे नाते असे आहे’ असा दावा वाचकापुढे करणे. दावा केला की तो निभवावा लागतो. आज मला एवढेच सांगायचे आहे. पुढचे सारे त्याचा विस्तार आहे.

एक उदाहरण घेऊ. दोन साधी विधाने आहेत. ऑगस्टमध्ये धरण भरले. मार्चमध्ये गावात टँकर सुरू झाला. दोन्ही खरी आहेत असे धरू आणि ती इंग्रजीत लिहू. मध्ये ‘यट’ ठेवला की लगेच तक्रार उभी राहते. पाणी होते, ते गावापर्यंत पोचायला हवे होते, पोचले नाही, आणि याचे उत्तर कुणीतरी दिले पाहिजे. ‘यट’ काढून ‘सेव्हन मन्थ्स लेटर’ लिहा. आता उरते ती नुसती कालगणना, तिच्यात दोष कुणाचाच नाही. ‘ॲज यूज्वल’ लिहा, आणि हे दरवर्षीचेच आहे असे तुम्ही सांगून बसता. मग मागच्या वर्षांच्या नोंदी दाखवण्याची पाळी तुमच्यावर येते. ‘देअरफोर’ लिहा, तर धरण भरले म्हणूनच टँकर आला असा अर्थ होतो. तो खरा ठरवायचा असेल, तर भरलेले पाणी कुणाकडे वळवले हे सांगणारी चार वाक्ये मध्ये घालावी लागतील. विधाने तीच राहिली, त्यांच्यातले नाते चार वेळा बदलले. गावकरी, अधिकारी आणि वार्ताहर ही दोन विधाने वेगवेगळ्या शब्दांनी जोडतील, आणि त्या एका शब्दावरून कोण कुठे उभा आहे हे कळेल.

आता आपण हे शब्द शिकवतो कसे, ते पाहू. परीक्षा जवळ आली की मुलांच्या हाती एक छापील यादी पडते. भर घालायची असेल तर हे दहा, विरोध दाखवायचा असेल तर हे दहा, शेवट करायचा असेल तर हे पाच. यादी पाठ होते. मग निबंधातला प्रत्येक परिच्छेद मोरओव्हरने सुरू होतो, दुसरे वाक्य फर्दरमोअरने, आणि शेवटी इन कन्क्लूजन आलेच पाहिजे. मुलांचा यात काही दोष नाही. त्यांना शब्द दिले, शब्द कधी लागतो हे दिले नाही. एसटीच्या कपाळावर सोलापूरची पाटी लावली म्हणून गाडी सोलापूरला जात नाही. पाटी पाहून चढलेला प्रवासी मात्र फसतो. वाचकाचे तसेच होते. ‘देअरफोर’ वाचून तो निष्कर्षाच्या तयारीत बसतो आणि समोर येतो एक नवाच मुद्दा. असे दोनतीनदा झाले की तो लेखकावर विसंबणे सोडून देतो.

परदेशी शिक्षणासाठी किंवा परिचारिकेच्या नोकरीसाठी आपली कितीतरी मुले-मुली आयईएल्टीएस ही परीक्षा देतात. तिच्या लेखनाच्या भागात चार सारख्या वजनाचे निकष आहेत, आणि त्यांतला एक सुसंगतीचा व वाक्यजोडणीचा आहे. हा निकष ऐकून शिकवण्यांमधून याद्या आणखी लांबल्या. प्रत्यक्षात परीक्षकांच्या मार्गदर्शक तक्त्यात जोडशब्दांचा अतिरेक आणि यांत्रिक जोडणी या खालच्या पायऱ्यांच्या खुणा म्हणून नोंदवल्या आहेत. सर्वांत वरची पायरी अशा लेखनाला मिळते, ज्यातल्या जोडणीकडे वाचकाचे लक्ष सहसा जातच नाही. म्हणजे मुले गुण मिळावेत म्हणून जे करतात, त्यानेच गुण जातात.

हा आजार फक्त आपला नाही. बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठात सिल्व्हियान ग्रँजर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या निरनिराळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांचा मोठा संग्रह उभा केला. स्टेफनी टायसन यांच्याबरोबर त्यांनी 1996 साली फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांच्या निबंधांतले जोडशब्द इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांच्या जोडशब्दांशी ताडून पाहिले. परके विद्यार्थी एकूणातच जास्त जोडशब्द वापरत असतील, ही सर्वसाधारण अटकळ तिथे खरी ठरली नाही. फरक प्रकारात होता. मोरओव्हर, इनडीड असे मुद्द्यात भर घालणारे किंवा त्याला दुजोरा देणारे शब्द त्यांच्याकडे जास्त होते. हाऊएव्हर, दो, यट असे विचाराला वळण देणारे शब्द कमी होते. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. भर घालणे सोपे असते. एक मुद्दा झाला की त्याच्यावर दुसरा ठेवायचा. आपल्याच म्हणण्याला मर्यादा घालणे, समोरच्याचे अर्धे मान्य करून उरलेले नाकारणे, याला जास्त विचार लागतो. ज्या वहीत मोरओव्हर पाच वेळा आणि हाऊएव्हर एकदाही नसतो, तिथे मुलाने एकच बाजू पाहिली आहे, हे मी ओळखते.

जोडशब्दांचा शास्त्रीय अभ्यास ज्या ग्रंथाने पक्क्या पायावर आणला, तो ‘कोहीजन इन इंग्लिश’ 1976 साली निघाला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक मायकेल हॅलिडे, दुसऱ्या रुकैया हसन. रुकैयाबाई मूळच्या आपल्याच देशातल्या. त्यांचा जन्म 1931 साली उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचा, शिक्षण अलाहाबादचे. पुढे एडिंबरा आणि मग ऑस्ट्रेलिया. इंग्रजी मजकूर एकसंध कशाने होतो, हे साऱ्या जगाला शिकवणाऱ्या जोडीत एक भारतीय वंशाची स्त्री होती, हे आपल्या मुलींना ठाऊक असावे. या दोघांनी वाक्यांना सांधणारी पाच साधने सांगितली. एक, ‘तो’, ‘ते’, ‘हे’ असे मागे बोट दाखवणारे शब्द. दोन, एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवणे. तीन, समजणारा भाग गाळणे. चार, जोडशब्द. पाच, शब्दाची पुनरावृत्ती किंवा त्याच्या नात्यातल्या शब्दांचा वापर. आपण यादी करून पाठ करतो ते पाचांतले एक. बाकीची चार आपल्या वर्गात जवळजवळ शिकवलीच जात नाहीत.

ही चार किती काम करतात, याचा पुरावा म्हणून अब्राहम लिंकन यांचे गेटिसबर्गचे भाषण पाहा. 19 नोव्हेंबर 1863 चे हे भाषण इंग्रजीत सुमारे 270 शब्दांचे आहे. त्यात मोरओव्हर नाही, देअरफोर नाही, हाऊएव्हर नाही. सुरुवातीला सत्त्याऐंशी वर्षांपूर्वीचा काळ येतो. दुसरा परिच्छेद ‘नाऊ’ या शब्दाने वर्तमानात येतो: युद्ध चालू आहे, आपण रणभूमीचा एक भाग मृतांना अर्पण करायला जमलो आहोत, आणि हे उचितच आहे. तिसरा परिच्छेद ‘बट’ने उघडतो, आणि ही भूमी आपण अर्पण करू शकत नाही, लढणाऱ्यांनी ती आधीच पावन केली आहे, असे लिंकन म्हणतात. सगळे भाषण त्या एका ‘बट’वर वळते. बाकीची बांधणी राष्ट्र, अर्पण आणि इथे या अर्थाच्या शब्दांची आवर्तने करतात. वाक्याची सुरुवात ‘बट’ने करू नये असे आपल्याला शाळेत सांगतात. लिंकन यांनी तशी केली. 1611 च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या अध्यायातली बहुतेक सगळी वचने ‘अँड’ने सुरू होतात. हा नियम मुलांच्या डोक्यावरून उतरवला पाहिजे. छोटा ‘बट’ हातून काढून घेतला, म्हणून तर मुले गरज नसताना नेव्हरदलेसकडे वळतात.

शास्त्रीय लेखनातले उदाहरणही सांगते. ‘नेचर’च्या 25 एप्रिल 1953 च्या अंकात वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा लेख आला. तो पानभराहून फारसा मोठा नाही. पॉलिंग आणि कोरी यांनी सुचवलेली रचना आपल्याला दोन कारणांसाठी पटत नाही, असे ते आधी सांगतात आणि ती दोन कारणे क्रमांक घालून देतात. मग फ्रेझर यांच्या रचनेचा उल्लेख करून ती बाजूला ठेवतात. मग अगदी वेगळी अशी आपली रचना पुढे आणतात. ‘दोन कारणांसाठी’ असे एकदा म्हटल्यावर वाचक मनात दोन जागा मोकळ्या करून ठेवतो, आणि लेखक त्या दोन्ही भरतो. फर्स्टली, सेकंडली यांचा खरा उपयोग हा आहे. आकडा आधी सांगितला असेल तर क्रम वाचकाला हात देतो. न सांगता नुसते सेकंडली लिहिले तर आणखी किती बाकी आहे हे त्याला कळत नाही.

आता काही शब्दांपाशी थोडे थांबू, कारण चुका तिथेच होतात. ‘मोरओव्हर’ नुसती भर घालत नाही. आधीच्या मुद्द्याच्याच बाजूने, बहुधा त्याहून वजनदार, असा पुढचा मुद्दा तो आणतो. ज्या ठिकाणी आधी काही सिद्ध करायला घेतलेलेच नाही, तिथे त्याला कामच नसते. ‘ऑन द अदर हँड’ दोन गोष्टी शेजारी ठेवतो आणि दोन्ही खऱ्या असू देतो. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ मात्र आधीचे म्हणणे खोडून काढतो. शहरात पगार जास्त आहे, ऑन द अदर हँड घरभाडेही जास्त आहे, हे बरोबर. तिथे ऑन द कॉन्ट्ररी लिहिले, तर पगार जास्त नाहीच असे म्हटल्यासारखे होते. शेवटचा मुद्दा सांगताना आपली मुले ‘ॲट लास्ट’ लिहितात. इंग्रजीत तो फार वाट पाहिल्यानंतर घडलेल्या गोष्टीसाठी आहे. शेवटच्या मुद्द्याला ‘लास्टली’ किंवा ‘फायनली’ हवे.

‘हाऊएव्हर’ला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: विरामचिन्ह आणि जागा. तो ‘बट’सारखा दोन वाक्ये स्वतः सांधत नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, नुसता स्वल्पविराम पुरत नाही. जागेविषयी कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी 1918 च्या आपल्या पुस्तिकेत असा सल्ला दिला होता की ‘तरीही’ या अर्थाचा हाऊएव्हर वाक्याच्या तोंडाशी ठेवू नये. आज चांगले लेखक तो तोंडाशी बिनदिक्कत ठेवतात, पण त्या सल्ल्यामागची नजर मोलाची आहे. ‘द ट्रेडर्स सोल्ड. द फार्मर, हाऊएव्हर, वेटेड.’ इथे विरोध नेमका शेतकऱ्यावर येऊन पडतो. ‘व्यापाऱ्यांनी माल विकला, शेतकरी मात्र थांबला,’ असे आपण म्हणतो तेव्हा हेच करतो. ज्या मुलाला ‘मात्र’ कुठे ठेवायचा ते न शिकवता कळते, त्याला हाऊएव्हरची जागा कळणे अवघड नाही. त्याच्या मराठी कानाची त्याला आठवण करून द्यावी लागते.

उलट, काही ठिकाणी मराठीची सवय इंग्रजीत आडवी येते. आपल्याकडे जरी–तरी, जर–तर, ज्याअर्थी–त्याअर्थी अशा जोड्या चालतात. दोन्ही अंगांना शब्द असला की आपल्या वाक्याला तोल येतो. इंग्रजीत बहुधा एकाच अंगाला शब्द पुरतो. म्हणून ‘ऑल्दो इट रेन्ड, बट वुई वेन्ट’ किंवा ‘बिकॉज ही वॉज इल, देअरफोर ही स्टेड होम’ अशी वाक्ये वहीत उतरतात. त्यावर नुसती लाल फुली मारून काही होत नाही. तुझी भाषा दोन्हीकडे खूण ठेवते, ही भाषा एकीकडेच ठेवते, असे एकदा समजावले की मूल ते विसरत नाही. आपल्या भाषेचे व्याकरण जाणणारे मूल परकी भाषा लवकर शिकते, हा अनुभव मराठी शाळेतल्या प्रत्येक चांगल्या इंग्रजी शिक्षकाचा आहे.

मग जोडशब्द लिहावा कधी आणि गाळावा कधी? हे वाचकावर अवलंबून आहे. डॅनिएल मॅकनमारा, वॉल्टर किंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाळकरी मुलांना हृदयरोगावरचा मजकूर वेगवेगळ्या रूपांत वाचायला दिला. काही रूपांत सगळे दुवे उघड केले होते, काहींत ते वाचकावर सोडले होते. विषयाची माहिती कमी असलेल्या मुलांना उघड दुव्यांचा फायदा झाला. माहिती असलेल्या मुलांना, खोल समज तपासणाऱ्या प्रश्नांत, दुवे कमी असलेल्या मजकुराने जास्त मदत केली, कारण रिकामी जागा त्यांनी स्वतः भरली. म्हणून अपरिचित वाचकासाठी लिहिताना जोड उघड करावा आणि जाणत्या वाचकाला थोडे काम ठेवावे. इंग्रजी लेखनाची परंपरा मात्र एकंदरीत पहिल्या बाजूला झुकते. जॉन हाइंड्स या भाषाअभ्यासकाने 1987 साली मांडले की मजकूर कळण्याची जबाबदारी काही भाषांत मुख्यतः वाचकावर असते, तर इंग्रजीत ती मुख्यतः लेखकावर असते. त्याने तुलनेला जपानी घेतली होती. आपल्याकडेही चांगल्या श्रोत्याने अर्थ जुळवून घ्यावा अशी अपेक्षा पुष्कळदा असते. इंग्रजीत लिहिणाऱ्याने ती बाजूला ठेवावी.

जोडशब्द निबंधापुरतेच मोलाचे आहेत, असे कुणाला वाटत असेल तर त्याने आपली राज्यघटना उघडावी. अनुच्छेद 343 च्या पहिल्या खंडात देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा सांगितली आहे. दुसरा खंड ‘नॉटविथस्टँडिंग’ने सुरू होतो: पहिल्या खंडात काहीही असले तरी, पंधरा वर्षे इंग्रजीचा वापर चालू राहील. तिसऱ्या खंडातही तोच शब्द येतो आणि त्यापुढेही इंग्रजी चालू ठेवण्याचा कायदा करण्याचा अधिकार संसदेला देतो. 1963 चा राजभाषा अधिनियम त्याच आधारावर झाला. संघराज्याच्या कारभारात इंग्रजी आज टिकून आहे ती त्या शब्दाने उघडलेल्या वाटेने. कायद्याच्या इंग्रजीत ‘सब्जेक्ट टू’, ‘प्रोव्हायडेड दॅट’ आणि ‘नॉटविथस्टँडिंग’ यांवरून कोणते कलम वरचढ ते ठरते, आणि न्यायालयांत त्यांच्यावर दिवसचे दिवस युक्तिवाद होतात.

ही घटना घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे मी शेवटी येते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे न झालेले भाषण त्यांनी 1936 साली स्वतः छापले. ते म्हणजे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. जातिव्यवस्था ही श्रमविभागणीच आहे, हा तिच्या समर्थकांचा युक्तिवाद बाबासाहेब त्यात समोर घेतात. ही श्रमिकांचीही विभागणी आहे, असे ते दाखवतात. पुढे ते मान्य करतात की सुसंस्कृत समाजाला श्रमविभागणी निःसंशय लागते. त्याच्याच पुढचे वाक्य ‘बट’ने सुरू होते: श्रमिकांचे असे कृत्रिम कप्पे कोणत्याही सुसंस्कृत समाजात नाहीत. प्रतिपक्षाचे जेवढे खरे तेवढे पदरात घालायचे आणि मग वळायचे, ही पूर्वपक्ष–उत्तरपक्षाची शिस्त त्या ‘अनडाउटेडली’ आणि ‘बट’मध्ये आहे. कबुली प्रामाणिक असल्यामुळे पुढचा घाव चुकवता येत नाही. मराठी घरात वाढलेल्या माणसाने इंग्रजीत हे केले. आपल्या मुलांपुढे नमुना ठेवायचा तर हा ठेवावा.

आता वर्गात काय करायचे, ते सांगते. मुलाने परिच्छेद लिहिला की त्यातले सगळे जोडशब्द खोडायला लावावेत आणि तो मोठ्याने वाचून घ्यावा. जिथे अडखळत नाही, तिथे शब्दाची गरज नव्हती. जिथे अडखळेल, तिथे त्याला मराठीतच विचारावे: इथे ‘म्हणून’ म्हणायचे आहे, ‘तरीही’ म्हणायचे आहे, की ‘उदाहरणार्थ’? उत्तर आले की त्याला साजेसा सर्वांत साधा इंग्रजी शब्द ठेवावा: सो, बट, अँड, बिकॉज. एवढे जमल्यावर देअरफोर आणि हाऊएव्हरकडे जावे. उत्तरच येत नसेल, तर शब्द शोधण्यात अर्थ नाही. दोन वाक्यांत नातेच नाही, आणि एक वाक्य तरी नव्याने लिहायला हवे. ‘देअरफोर’ दिसला की वर्गातल्या दुसऱ्या मुलाने विचारावे, ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारायची मोकळीक असलेला वर्ग इंग्रजीबरोबर बरेच काही शिकतो.

यासाठी नवी पुस्तके लागत नाहीत, निधी लागत नाही. शिक्षकाला एका तासात एकच परिच्छेद घेऊन बसण्याची मुभा लागते, आणि पेपर तपासणाऱ्याने जोडशब्द मोजण्याऐवजी जोड तपासायला हवा. माझी इथे बसलेल्या शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे की पुढच्या वेळी मुलाच्या हाती छापील यादी दिसली, तर तिच्यातला एक शब्द निवडा आणि तो वापरून दोन खरी वाक्ये जोडून दाखवायला सांगा. जोडलेले नाते खरे आहे का, ते त्याच्याशी वाद घालून ठरवा. खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलाच्या बरोबरीने इंग्रजीत आपले म्हणणे मांडता यावे, खोडताही यावे, हा या कामाचा हेतू आहे. आपण ज्यांचे स्मरण करतो आहोत, त्यांनी आयुष्य त्याच हेतूला दिले. ते काम पुढे नेणे आपल्या हाती आहे.